जगन्नाथ शंकरशेट

जगन्नाथ शंकरशेट मुरकुटे ऊर्फ नाना शंकरशेट (१० फेब्रुवारी १८०३ – ३१ जुलै १८६५) हे एकोणिसाव्या शतकातील मुंबईचे व्यापारी, दानशूर लोकनेते, शिक्षणप्रसारक आणि कलांचे आश्रयदाते होते. मुंबई इलाख्यातील सार्वजनिक शिक्षण, मुलींच्या शाळा, बॉम्बे असोसिएशन ही राजकीय संस्था, ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे, ग्रँट रोडवरील नाट्यगृह आणि आज डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखले जाणारे वस्तुसंग्रहालय अशा अनेक कामांच्या उभारणीत त्यांचा वाटा होता. इ.स. १८६२ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळावर ज्या पहिल्या भारतीयांची नियुक्ती झाली, त्यांत ते होते. त्यामुळे त्यांच्या नावामागे 'नामदार' ही उपाधी रूढ झाली.

नावाविषयी

'शंकरशेट' हे त्यांचे आडनाव नव्हे. आडनाव मुरकुटे, शंकरशेट हे वडिलांचे नाव. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे स्वतःचे नाव व वडिलांचे नाव एवढेच कागदोपत्री लिहिले जाई. सरकारदरबारी व वृत्तपत्रांतून तेच रूढ झाल्याने पुढे ते घराण्याचेच नाव बनले आणि मुरकुटे हे आडनाव मागे पडले. 'शंकरशेट' व 'शंकरशेठ' अशी दोन्ही रूपे छापील मजकुरात आढळतात. या लेखात पहिले रूप वापरले आहे. लोक मात्र त्यांना नुसते 'नाना' म्हणत, आणि ग्रँट रोडजवळच्या चौकाने तेवढेच नाव राखले आहे.

घराणे आणि बालपण

मुरकुटे घराणे दैवज्ञ ब्राह्मण समाजातील असून त्यांचे मूळ गाव आजच्या ठाणे जिल्ह्यातील मुरबाड होय. अठराव्या शतकात हे घराणे मुंबईत आले व सराफी आणि व्यापार यांच्या बळावर नावारूपास चढले. वडील शंकरशेट बाबुलशेट यांनी मोठी संपत्ती मिळवली. नाना चौकाजवळचे भवानीशंकराचे देऊळ त्यांनीच एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बांधले.

जगन्नाथ यांच्या आईचे नाव भवानीबाई. त्या जगन्नाथ लहान असतानाच वारल्या. त्या वेळी मुंबईत मराठी मुलांना शिकण्यासाठी पंतोजींच्या खाजगी शाळांखेरीज फारशी सोय नव्हती. श्रीमंत घरात शिक्षक घरी येत, तसे ते येथेही आले. जगन्नाथ यांनी घरीच अभ्यास केला व इंग्रजी भाषा चांगली आत्मसात केली. ज्या माणसाने पुढे इलाख्यातील शाळांचा पाया घालण्यास हातभार लावला, तो स्वतः कोणत्याही सार्वजनिक शाळेत गेला नव्हता, याचे कारण सरळ आहे: तशी शाळाच तेव्हा नव्हती.

इ.स. १८२२ मध्ये वडिलांचे निधन झाले. एकोणीस वर्षांच्या जगन्नाथ यांच्यावर पेढीचा, मिळकतींचा आणि घराण्याच्या लौकिकाचा भार पडला. पेढीची पत मोठी होती. अरब, अफगाण आदी परदेशी व्यापारी आपली धनदौलत बँकांपेक्षा नानांच्या पेढीवर विश्वासाने ठेवीत, असे त्यांच्या चरित्रांतून सांगितले जाते. गिरगाव, ताडदेव या भागांत घराण्याची विस्तृत जमीन होती. ही जमीन पुढे वारंवार उपयोगी पडली. नानांच्या दानाचा बराच भाग रोख रकमेपेक्षा जागेच्या रूपात होता. मुंबईसारख्या बेटावर जागेचे मोल काय, हे वाचकांना सांगावयास नको.

शिक्षणकार्य

पेशवाई बुडून चारच वर्षे झाली होती. गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या प्रोत्साहनाने १८२२ मध्ये मुंबईत देशी लोकांच्या शिक्षणासाठी एक संस्था स्थापन झाली. शाळा काढणे आणि शाळांसाठी पुस्तके तयार करणे असे दुहेरी काम तिच्याकडे होते. पुढे १८२७ मध्ये तिला 'बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी' हे नाव मिळाले. नाना विशीतच या संस्थेच्या कामात पडले. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस, सदाशिव काशीनाथ छत्रे आणि नंतर बाळशास्त्री जांभेकर हे या संस्थेचे कर्ते पुरुष. छत्रे यांची 'बाळमित्र' व 'इसापनीती' ही पुस्तके याच काळातील. मराठी शालेय गद्याचा उगम येथे आहे. नवी शाळा म्हणजे केवळ इमारत नव्हे. गणिताचे, भूगोलाचे, व्याकरणाचे पुस्तक मराठीत नसेल तर शाळा भरवून उपयोग काय, हे या मंडळींनी ओळखले होते. पुस्तके लिहिणारे पंडित होते, पण कागद, छपाई व पगार यांची तजवीज करणारा धनिकही लागतो. ती बाजू नाना व त्यांच्यासारख्या शेट लोकांनी सांभाळली.

१८२७ मध्ये एल्फिन्स्टन निवृत्त होऊन स्वदेशी निघाले, तेव्हा त्यांचा पुतळा वा मानपत्र एवढ्यावर न थांबता त्यांच्या नावे अध्यापकांच्या जागा निर्माण करण्यासाठी मोठा निधी जमवण्यात आला. या निधीतूनच पुढे एल्फिन्स्टन कॉलेज उभे राहिले. निधीच्या कामात नाना अग्रभागी होते.

१८४० मध्ये सोसायटीचे काम सरकारनियुक्त 'बोर्ड ऑफ एज्युकेशन'कडे गेले. या मंडळावर तीन भारतीय सभासद घेण्यात आले: जगन्नाथ शंकरशेट, फ्रामजी कावसजी आणि महंमद इब्राहिम मकबा. एक हिंदू, एक पारशी, एक मुसलमान. मंडळ विसर्जित होऊन त्याच्या जागी शिक्षण खाते येईपर्यंत, म्हणजे सुमारे दीड दशक, नाना त्यावर होते.

माध्यमाचा वाद

नानांच्या शिक्षणकार्यातील सर्वांत महत्त्वाचे प्रकरण म्हणजे शिक्षणाच्या माध्यमाविषयीचा वाद. त्यांच्या नावाने असलेल्या रस्त्यांची व पुतळ्यांची आठवण ठेवणाऱ्या लोकांना हे प्रकरण अनेकदा ठाऊक नसते, म्हणून ते येथे जरा विस्ताराने सांगणे इष्ट आहे.

१८४३ मध्ये सर एर्स्किन पेरी हे मंडळाचे अध्यक्ष झाले. ते न्यायाधीश होते, विद्वान होते, आणि भारतीयांविषयी त्यांना आस्थाही होती. परंतु सरकारकडून मिळणारा पैसा तुटपुंजा आहे, तो सर्वत्र पातळ पसरण्यापेक्षा वरच्या वर्गातील थोड्या मुलांना इंग्रजीतून उत्तम शिक्षण देण्यात खर्च करावा, असे त्यांचे मत होते. आधुनिक शास्त्रे शिकवण्यास देशी भाषांत पुरेशी पुस्तके व शब्द नाहीत, हा त्यांचा दुसरा मुद्दा. बंगालमध्ये मेकॉलेच्या टिपणानंतर जे धोरण आले होते, तेच मुंबई इलाख्यात आणावे, असा त्याचा अर्थ होता.

१८४७ मध्ये हा मतभेद उघड झाला. नानांनी मंडळापुढे लेखी टिपण ठेवून पेरींच्या मताला विरोध केला. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा होता की, परकी भाषा पुरती शिकण्यास लागणारा वेळ व पैसा सामान्य माणसाजवळ नसतो. ज्ञान बहुजनांपर्यंत न्यावयाचे तर ते त्यांच्याच भाषेतून न्यावे लागेल. देशी भाषा दुबळ्या आहेत असे म्हणून त्यांना बाजूस सारले तर त्या कधीच समर्थ होणार नाहीत. फ्रामजी कावसजी व मकबा यांनी नानांची बाजू घेतली. युरोपीय सभासदांपैकी जर्व्हिस हेही त्यांच्याच बाजूस उभे राहिले. मराठीतून शास्त्रे शिकवता येतात हे त्यांनी स्वतः पुस्तके करून पाहिले होते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. नाना इंग्रजीच्या विरुद्ध नव्हते. ते स्वतः इंग्रजीत उत्तम व्यवहार करीत, एल्फिन्स्टन कॉलेजच्या उभारणीत त्यांचा हात होता, आणि भाषा म्हणून इंग्रजी चांगली शिकवावी असाच त्यांचा आग्रह होता. त्यांचा विरोध होता तो इंग्रजी येत नाही त्याला ज्ञानच नाही, या व्यवस्थेला. हा भेद आजही पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

सरकारने १८४८ मध्ये दिलेला निर्णय कोणा एकाच्या पारड्यात पूर्णपणे पडला नाही. प्रत्यक्षात उच्च शिक्षण इंग्रजीकडे झुकत गेले. पण देशी भाषांतील शाळा बंद करून तो पैसा इंग्रजीकडे वळवण्याचा मार्ग मुंबई इलाख्यात सरसकट स्वीकारला गेला नाही. १८५४ च्या चार्ल्स वुड यांच्या शिक्षणविषयक खलित्याने देशी भाषा व इंग्रजी या दोहोंना जागा दिली. खेड्यापाड्यातील मराठी शाळा टिकल्या, वाढल्या, आणि पुढच्या दोन पिढ्यांतील लेखक, शिक्षक व सुधारक त्यांतून आले. त्याचे सर्व श्रेय एका टिपणाला देणे अतिशयोक्तीचे होईल. मात्र योग्य वेळी मंडळात कोणी तरी ठामपणे नकार दिला नसता, तर मराठी शाळांचा मार्ग अधिक बिकट झाला असता, एवढे निश्चित म्हणता येते. पेरी हे पदाने श्रेष्ठ होते, राज्यकर्त्यांपैकी होते. त्यांच्याशी नानांचे इतर बाबतींत सौहार्द होते. असे असता समोर बसून लेखी मतभेद नोंदवणे हे १८४७ साली लहान धैर्याचे काम नव्हते.

मुलींच्या शाळा

जून १८४८ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनच्या विद्यार्थ्यांनी व अध्यापकांनी 'स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी' स्थापन केली. दादाभाई नौरोजी, भाऊ दाजी लाड आदी तरुण तिच्यात होते. या तरुणांनी १८४९ मध्ये मुलींसाठी मराठी व गुजराती शाळा काढल्या. पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा सुरू केली, त्याच सुमाराची ही गोष्ट. सनातनी मंडळींचा रोष दोन्हीकडे सारखाच होता. मुंबईत तरुणांजवळ उत्साह होता, जागा नव्हती. नानांनी आपल्या गिरगावातील वाड्यात मुलींच्या शाळेला जागा दिली व तिच्या खर्चाचीही तरतूद केली.

नाना स्वतः धर्माचार पाळणारे गृहस्थ होते. पूजाअर्चा, देवळे, दानधर्म यांत खंड नसे. अशा माणसाच्या अंगणात मुलींची शाळा भरते, हे पाहिल्यावर टीका करणाऱ्यांना ती निव्वळ इंग्रजी शिकलेल्या पोरांची टूम म्हणता येईना. सतीबंदीच्या प्रश्नावरही त्यांनी बंदीचीच बाजू घेतली होती. त्यांना आजच्या अर्थाने समाजसुधारक म्हणावे की नाही, याविषयी मतभेद संभवतो. जातिव्यवस्थेवर त्यांनी फुल्यांसारखा घाव घातला नाही. परंतु सुधारकांना आपल्या प्रतिष्ठेची सावली त्यांनी दिली, आणि त्या काळी ती फार मोलाची होती.

नाट्य आणि कला

मुंबईतील किल्ल्याच्या मैदानावर, म्हणजे आजच्या हॉर्निमन सर्कलच्या परिसरात, अठराव्या शतकापासून इंग्रजांचे एक नाट्यगृह होते. कर्जात बुडाल्यामुळे १८३५ मध्ये त्याचा लिलाव झाला. देणी भागवून काही रक्कम सरकारी तिजोरीत शिल्लक राहिली. शहराला पुन्हा नाट्यगृह मिळावे यासाठी १८४० मध्ये प्रतिष्ठित नागरिकांनी अर्ज केला. त्यावर इंग्रजांबरोबर नाना व फ्रामजी कावसजी यांच्याही सह्या होत्या. नव्या इमारतीसाठी नानांनी ग्रँट रोडवरील आपली जमीन दिली. हे नाट्यगृह १८४६ मध्ये सुरू झाले.

आरंभी तेथे इंग्रजी नाटके होत. पण जागा किल्ल्यापासून दूर पडली. साहेब लोकांना रात्री गाडीने तेवढे अंतर जाणे नकोसे वाटे, आणि जवळच्या वस्तीतून येणारा प्रेक्षक वेगळा होता. इंग्रजांच्या दृष्टीने ही अडचण होती, देशी रंगभूमीला मात्र ती पथ्यावर पडली. सांगलीचे विष्णुदास भावे आपली नाटक मंडळी घेऊन मुंबईस आले व मार्च १८५३ मध्ये त्यांनी या नाट्यगृहात तिकिटे लावून मराठी खेळ केले. दशावतारी खेळाच्या वळणाचे, सूत्रधाराच्या गाण्यावर चालणारे हे नाटक प्रथमच पडदे, दिवे व बंदिस्त रंगमंच असलेल्या इमारतीत शिरले. त्याच वर्षी ऑक्टोबरात पारशी नाटक मंडळीनेही येथेच आपला पहिला खेळ केला. मराठी, गुजराती व हिंदुस्थानी या तिन्ही भाषांतील व्यावसायिक रंगभूमीच्या इतिहासात या एका इमारतीचे नाव येते. लोक तिला 'शंकरशेटची नाटकशाळा' म्हणत. ती इमारत आता उरलेली नाही.

कलांच्या बाबतीत दुसरे उल्लेखनीय काम म्हणजे वस्तुसंग्रहालय. लंडन व पॅरिस येथील प्रदर्शनांसाठी इलाख्यातील कलाकुसरीच्या व उत्पादनांच्या वस्तू गोळा झाल्या होत्या. त्यांतून किल्ल्यात एक सरकारी संग्रह मांडला गेला. १८५७ मध्ये ती जागा सैनिकांच्या निवासासाठी हवी झाली आणि वस्तूंची पांगापांग झाली. पुढील वर्षी डॉ. जॉर्ज बर्डवुड, डॉ. भाऊ दाजी लाड व नाना यांनी नागरिकांची सभा भरवून स्वतंत्र संग्रहालयासाठी वर्गणी जमवण्यास आरंभ केला. समितीचे अध्यक्षपद नानांकडे होते. १८६२ मध्ये गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते भायखळ्याच्या राणीच्या बागेत कोनशिला बसली. शेअर बाजाराच्या पडझडीनंतर काम रेंगाळले व संग्रहालय १८७२ मध्ये उघडले. ते पाहण्यास नाना हयात नव्हते. १९७५ मध्ये या संग्रहालयाला भाऊ दाजींचे नाव देण्यात आले.

रेल्वे

भारतातील पहिली प्रवासी आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास गेली. चौदा डबे, सुमारे चारशे निमंत्रित, तीन इंजिने आणि एकवीस मैलांचे अंतर. या घटनेशी नानांचे नाव जोडले जाते, ते यथार्थ आहे. पण रेल्वे त्यांनी एकट्याने आणली असे जे कधी कधी लिहिले जाते, ते बरोबर नाही. १८४५ च्या सुमारास मुंबईत रेल्वेची चर्चा सुरू झाली, तेव्हा नाना व सर जमशेटजी जीजीभॉय यांनी स्थानिक व्यापाऱ्यांना एकत्र आणले. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे ही कंपनी लंडनमध्ये स्थापन झाली व तिच्या मुंबईतील समितीवर हे दोघे भारतीय संचालक होते. लोखंडी रस्त्यावर पैसा घालणे म्हणजे वेड, असे अनेकांना वाटत असताना या दोघांच्या नावामुळे इतर व्यापाऱ्यांचा विश्वास बसला.

सार्वजनिक व राजकीय कार्य

'जस्टिस ऑफ द पीस' हा मान पूर्वी केवळ युरोपियनांना मिळे. तो भारतीयांसाठी खुला झाल्यावर पहिल्या तुकडीत नानांची नेमणूक झाली. शहराच्या कारभारात त्यांचा शब्द मानला जाऊ लागला. गिरगावाजवळील सोनापूर येथील हिंदूंची स्मशानभूमी शिवडीला हलवण्याचा सरकारचा विचार होता. गरिबांना प्रेत घेऊन एवढ्या दूर जाणे अशक्य होईल, हे नानांनी सरकारला पटवले आणि स्मशान होते तेथेच राहिले. हे काम इतर कामांच्या मानाने लहान वाटेल. गिरगावातल्या चाळकऱ्यांना ते तसे वाटले नसावे.

ऑगस्ट १८५२ मध्ये 'बॉम्बे असोसिएशन' ही संस्था स्थापन झाली. नाना तिचे अध्यक्ष, तर भाऊ दाजी व नानांचे पुत्र विनायकराव हे चिटणीस होते. कंपनीच्या सनदेचे नूतनीकरण जवळ आले होते. राज्यकारभारातील दोष दाखवून भारतीयांना वरिष्ठ जागा व कायदेमंडळात स्थान मिळावे, अशी मागणी करणारा अर्ज संस्थेने ब्रिटिश पार्लमेंटकडे धाडला. अर्जाची भाषा विनयाची असली तरी काही धनिक सभासदांना तीही भारी वाटली व ते संस्थेतून दूर झाले. नाना राहिले. पश्चिम भारतातील संघटित राजकारणाचा आरंभ या संस्थेपासून धरला जातो.

१८५७ च्या उठावाच्या वेळी मुंबईतील काही इंग्रजांना नानांचाही संशय आला. ब्राह्मण पाहुण्यांची व यात्रेकरूंची त्यांच्याकडे असलेली ये-जा या संशयाला पुरेशी ठरली. पोलीस अधिकारी चार्ल्स फोर्जेट यांच्या चौकशीत काहीच निष्पन्न झाले नाही. तीस वर्षे सरकारशी सहकार्य करणाऱ्या माणसालाही राज्यकर्ते क्षणात परका मानू शकतात, हे या प्रसंगाने दिसले. तरीही नानांनी सार्वजनिक कामे सोडली नाहीत. त्याच साली स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाचे ते फेलो होते, आणि पाचच वर्षांनी त्यांची नेमणूक कायदेमंडळावर झाली.

मृत्यू व स्मृती

अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाच्या भावात आलेली तेजी १८६५ च्या मध्यास संपली आणि मुंबईतील अनेक पेढ्या व बँका कोसळल्या. या गोंधळाच्या दिवसांतच, ३१ जुलै १८६५ रोजी नानांचे निधन झाले. त्यांचा संगमरवरी पुतळा टाऊन हॉलमध्ये, म्हणजे आजच्या एशियाटिक सोसायटीच्या इमारतीत आहे. तो करण्याचे नागरिकांनी त्यांच्या हयातीतच ठरवले होते.

त्यांच्या स्मरणार्थ विनायकरावांच्या देणगीतून मॅट्रिकच्या परीक्षेत संस्कृतमध्ये पहिल्या येणाऱ्या विद्यार्थ्यासाठी 'जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती' सुरू झाली. महाराष्ट्रातील शाळांत कित्येक पिढ्या या शिष्यवृत्तीचा दबदबा होता. पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झालेले चिंतामणराव देशमुख १९१२ मध्ये तिचे मानकरी ठरले. शाळेच्या फलकावर शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवणाऱ्याचे नाव रंगवणे हा मुख्याध्यापकांच्या अभिमानाचा विषय असे. गंमत अशी की, मराठीतून शिक्षणासाठी झगडलेल्या नानांचे नाव विद्यार्थ्यांच्या तोंडी राहिले ते संस्कृतच्या गुणांमुळे.

गिरगावातील मुख्य रस्त्याला जगन्नाथ शंकरशेट मार्ग असे नाव आहे. मुंबई सेंट्रलजवळील भुयारी मेट्रोच्या स्थानकालाही त्यांचे नाव देण्यात आले आहे. कादंबरीकार गंगाधर गाडगीळ यांनी 'प्रारंभ' या कादंबरीत नानांचा जीवनपट व त्यांच्या काळातील मुंबई रंगवली आहे.